व्यायामाची फलश्रुती आणि आतड्यातील जीवाणू

प्रस्तावना :
व्यायामाने वजन घटते, हे विधान सर्वमान्य आहे. तथापि एकाच देखरेखीखाली सारखाच व्यायाम करणाऱ्यांना त्याचे फळ सारखे मिळत नाही, असेही आढळते. या तफावतीचा दोष बहुधा व्यक्तीच्या आळसावर किंवा जिभेवर ताबा नसण्यावर ठेवला जातो. आतड्यातील जीवाणूंवरील संशोधनाने या दोषारोपाचा फेरविचार करणे भाग पाडले आहे. २००६ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत लठ्ठ उंदरांच्या आतड्यातील जीवाणू जंतुविरहित उंदरांमध्ये सोडण्यात आले. सडपातळ उंदरांचे जीवाणू मिळालेल्या उंदरांपेक्षा त्यांच्या अंगी अधिक चरबी साठली. अन्नातून किती ऊर्जा पदरात पडते, यात जीवाणूंचाही वाटा असतो, हे यातून सूचित झाले.

विषय-विवेचन :
व्यायामासंबंधीचा अधिक बोलका प्रयोग हाँगकाँगमधील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या स्थूल पुरुषांकडून बारा आठवडे व्यायाम करवून घेण्यात आला. वजन व चरबी सर्वांचीच जवळपास सारखी घटली. परंतु इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद सुमारे ७० टक्के व्यक्तींमध्येच लक्षणीयरीत्या सुधारला, उर्वरितांमध्ये नाही. लाभ झालेल्यांच्या आतड्यातील जीवाणू तंतुमय अन्न आंबवून लघुशृंखला मेदाम्ले अधिक तयार करीत होते, तसेच शाखायुक्त ॲमिनो आम्लांचे विघटन करीत होते. ही आम्ले रक्तात वाढलेली असणे इन्सुलिनरोधाशी निगडित मानले जाते.

हा केवळ योगायोग नव्हे काय, अशी शंका येथे रास्त ठरते. म्हणूनच दोन्ही गटांतील व्यक्तींचे जीवाणू लठ्ठ उंदरांमध्ये रोपण करण्यात आले. लाभ झालेल्यांचे जीवाणू ज्या उंदरांना मिळाले, त्यांचा इन्सुलिनरोध कमी झाला. दुसऱ्या गटातील उंदरांना तो लाभ मिळाला नाही. अर्थात व्यायाम करणारे अवघे वीस जण होते आणि तेही सारे पुरुष, ही मर्यादा दृष्टिआड करता येत नाही. तरीही एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. व्यायामाचे यश केवळ वजनकाट्यावर मोजणारी पद्धत, जी अनेक तंदुरुस्ती उपक्रमांत रूढ आहे, या दोन गटांत भेदच करू शकली नसती.

व्यायामाची इच्छादेखील जीवाणूंशी निगडित असावी, असे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील २०२२ च्या संशोधनावरून दिसते. प्रतिजैविके देऊन जीवाणू नष्ट केलेले उंदीर कमी धावले. काही जीवाणूंनी निर्माण केलेली मेदाम्ल-अमाइडे आतड्यातील संवेदी चेतातंतूंना उद्दीपित करतात आणि त्यामुळे धावताना मेंदूतील डोपामिनचे प्रमाण वाढते, अशी ही साखळी आहे. मानवात ती अशीच असेल, असे गृहीत धरणे मात्र घाईचे ठरेल.

हा प्रभाव एकेरी नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात बैठी जीवनशैली असलेल्या प्रौढांनी आहार न बदलता सहा आठवडे व्यायाम केला. सडपातळ व्यक्तींमध्ये ब्युटिरेटसारखी मेदाम्ले वाढली. लठ्ठ व्यक्तींमध्ये ही वाढ तितकीशी दिसली नाही. पुढील सहा आठवडे व्यायाम थांबविताच जीवाणूंमधील हे बदल बहुतांशी ओसरले.