पिंडतरंग अनुस्पंदक व क्वॉर्ट्‌झ स्फटिक आंदोलक

पिंडतरंग अनुस्पंदक व क्वॉर्ट्‌झ स्फटिक आंदोलक : विद्युत् मंडलांत स्थिर कंप्रतेची (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येची) आंदोलने मिळविण्याची दोन साधने. दोहोंचे कार्य दाबविद्युत् परिणामावर आधारलेले आहे. काही स्फटिकांवर दाब दिल्यास त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार निर्माण होतो, असे झाक व प्येअर क्यूरी या बंधूंना १८८० मध्ये आढळले. विद्युत् दाब लावल्यास असे स्फटिक किंचित विकृत होतात, हा उलट परिणाम त्यांनी १८८१ मध्ये पडताळून पाहिला. वॉल्टर केडी यांनी १९२१ मध्ये क्वॉर्ट्‌झ स्फटिकाने नियंत्रित केलेला आंदोलक तयार केला.

अनुस्पंदक हा आंदोलकाचा कंप्रता ठरविणारा घटक होय. त्याला विवर्धक जोडून प्रदानाचा काही अंश आदानाकडे परत दिला म्हणजे आंदोलक बनतो. म्हणून खरी तुलना दोन प्रकारच्या अनुस्पंदकांची आहे.

तत्त्व : चकतीची जाडी ध्वनितरंगाच्या अर्ध्या तरंगलांबीएवढी असली म्हणजे चकती जोराने कंप पावते. चकती जितकी पातळ, तितकी कंप्रता अधिक. क्वॉर्ट्‌झच्या नेहमीच्या चकतीतही तरंग पिंडातूनच जातात. भेद आहे तो द्रव्य, जाडी व निर्मितिपद्धती यांत. ‘एटी’ छेदाच्या क्वॉर्ट्‌झ चकतीस १० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेसाठी सु. ०·१७ मिमी. जाडी लागते. १०० मेगॅहर्ट्‌झला ती सु. ०·०१७ मिमी. इतकी कमी होते व घासून तयार केलेली अशी चकती फार ठिसूळ ठरते.

आधुनिक पिंडतरंग अनुस्पंदकात चकतीऐवजी सिलिकॉनच्या तबकडीवर निक्षेपित केलेला ॲल्युमिनियम नायट्राइडाचा पटल असतो. २ गिगॅहर्ट्‌झसाठी त्याची जाडी २ ते ३ मायक्रॉनांपेक्षा अधिक लागत नाही. पटलाची ऊर्जा सिलिकॉनात झिरपू नये म्हणून त्याखाली पोकळी ठेवतात किंवा एकाआड एक भिन्न द्रव्यांचे थर देऊन ध्वनीचा आरसा तयार करतात. एका तबकडीवर असे हजारो अनुस्पंदक एकाच वेळी बनतात.

तुलना : क्वॉर्ट्‌झचे सामर्थ्य स्थैर्यात आहे. ‘एटी’ छेदाची कंप्रता नेहमीच्या तापमानाजवळ अंशागणिक अत्यल्प बदलते. ॲल्युमिनियम नायट्राइडाची कंप्रता मात्र दर १° से. वाढीस दशलक्षात सु. २५ भागांनी घटते. भरपाई न केलेला असा अनुस्पंदक घड्याळात वापरला, तर १०° से. तापमानवाढीने ते दिवसाला सु. २२ सेकंद मागे पडेल. यावर सिलिकॉन डाय-ऑक्साइडाचा थर अथवा तापमापकावर आधारलेले विद्युत् संशोधन हे उपाय योजतात. ऊर्जाव्यय किती कमी आहे हे दर्शविणारा गुणवत्ता गुणांकही क्वॉर्ट्‌झचा पुष्कळ मोठा असतो.

उच्च कंप्रतेस चित्र बदलते. १० मेगॅहर्ट्‌झच्या क्वॉर्ट्‌झपासून २ गिगॅहर्ट्‌झ मिळविण्यास कंप्रता २०० पट करावी लागते आणि त्याबरोबर कलागोंगाट सु. ४६ डेसिबलांनी वाढतो. पिंडतरंग अनुस्पंदक ही कंप्रता थेट देतो.

उपयोग : पिंडतरंग अनुस्पंदकांचा मोठा वापर २००१ पासून मोबाइल दूरध्वनीतील छानकांत सुरू झाला, तेथे अचूक कालमापनापेक्षा लगतचे कंप्रतापट्टे वेगळे करणे महत्त्वाचे असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने २०१९ मध्ये बाहेरून क्वॉर्ट्‌झ न जोडता चालणारी बिनतारी संदेशवहनाची चकती पुढे आणली. तथापि मनगटी घड्याळे (३२,७६८ हर्ट्‌झ), मापन उपकरणे व प्रमाण कंप्रतेची साधने यांत क्वॉर्ट्‌झचे स्थान कायम आहे.