स्पॅनिश क्रियापदांचे सोबती

नवी भाषा शिकू लागलेल्या माणसास प्रथम शब्दांची धास्ती वाटते. ती फार दिवस टिकत नाही. शब्द हळूहळू पाठ होतात. खरी अडचण पुढे येते. असणे, करणे, देणे, घेणे ही साधी क्रियापदे अंगवळणी पडली की आपण त्यांच्या भरवशावर बोलू लागतो आणि नेमकी तीच दगा देतात. मराठीत आपण शपथ खातो, गप्पा मारतो, पैज लावतो. ह्यांत खाणे कोठे आणि मारणे कोठे, असे एखाद्या परक्याने विचारले तर आपणही क्षणभर गप्पच बसू. स्पेनमध्ये आणि मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या बहुतेक देशांत बोलल्या जाणाऱ्या स्पॅनिश भाषेची तऱ्हा हीच आहे.

आपल्याकडे ही भाषा बहुधा इंग्रजीच्या आधाराने शिकली जाते. त्यामुळे एक मौज होते. इंग्रजी बोलणाऱ्यास जे अवघड, तेच आपल्यालाही अवघड असे पुस्तक गृहीत धरते. 'गुस्तार' हे आवडीचे क्रियापद घ्या. इंग्रजीत ज्याला आवडते तो कर्ता. स्पॅनिशमध्ये जी वस्तू आवडते ती कर्ता. ह्या उलट्या रचनेची समजूत घालण्यात पुस्तकाची पानेच्या पाने खर्ची पडतात. मराठी माणसास तिचे काय कारण? 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे मला आंबा आवडतो. 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे मला आंबे आवडतात. 'मे' म्हणजे मला. आंबे अनेक झाले की तिकडेही क्रियापद अनेकवचनी होते. 'मे पारेसे' म्हणजे मला वाटते. 'मे फाल्तान दोस एउरोस' म्हणजे मला दोन युरो कमी पडतात. पेला फुटला तर 'मी पाडला' असे स्पॅनिश माणूसही सहसा म्हणत नाही. 'से मे कायो एल वासो' म्हणतो. आपण 'माझ्या हातून पेला पडला' म्हणतो तसेच! एवढे घरचे भांडवल असताना मराठी विद्यार्थ्याने प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत बसवावे आणि मग स्पॅनिशमध्ये न्यावे, हा आमच्या मते द्राविडी प्राणायाम आहे.

तथापि मराठीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. आपल्याला भूक लागते, झोप येते, थंडी वाजते. (थंडी 'वाजते' कशी, हे परक्यास समजावून सांगून पाहावे!) स्पॅनिशमध्ये ह्या साऱ्यांना एकच क्रियापद पुरते, 'तेनेर'. त्याचा अर्थ जवळ असणे. ज्या लॅटिन शब्दापासून ते आले त्याचा अर्थ धरणे. 'तेंगो आंब्रे' म्हणजे माझ्याजवळ भूक आहे, अर्थात मला भूक लागली आहे. लिहिताना आंब्रेच्या आरंभी 'ह'चे अक्षर असते, ते उच्चारावयाचे नाही. तहान, झोप, घाई, भीती सारे ह्याच क्रियापदाकडे. वयदेखील: 'तेंगो वेइन्ते आन्योस', माझ्यापाशी वीस वर्षे आहेत. आणि 'तेन पासिएन्सिया' म्हणजे तर सरळ 'धीर धर'. आपणही धीर धरतो आणि भीती बाळगतो, हे ध्यानी घेतले म्हणजे 'तेनेर' तितकेसे परके राहत नाही. पोर्तुगीजमध्येही भूक अशीच 'जवळ' असते. गोव्यातील ज्या घरांत ती भाषा जाणणारे वडीलधारे आहेत, तेथे हे नवल वाटणार नाही.

उष्म्याच्या बाबतीत मात्र जपावे. मला उकडते आहे, हे 'तेंगो कालोर'. हवेत उकाडा आहे, हे 'आसे कालोर'. येथे 'करणे' हे क्रियापद येते, पण करणारा कोणीच नसतो. पाणी गरम आहे, तेथे 'एस्ता'. इंग्रजीत ह्या तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद चालते. त्या सवयीने कोणी स्वतःबद्दल 'एस्तोय कालिएन्ते' म्हणाला तर ऐकणाऱ्यास ह्या माणसाला कामवासना झाली आहे असे वाटेल. भर बैठकीत सारे हसतील, आणि बिचाऱ्यास कारण कळणार नाही.

म्हणून क्रियापद एकटे पाठ करू नये, सोबत्यासह करावे. 'वोल्वेर' म्हणजे परतणे. पण 'वोल्वेर आ लेएर' म्हणजे पुन्हा वाचणे. आपणही 'परत वाचतो' म्हणतोच. 'आकाबार' म्हणजे संपणे. 'आकाबो दे येगार' म्हणजे मी नुकताच पोचलो. लग्न करावयाचे ते 'कोन', म्हणजे अमुक 'शी'. येथे मराठीचा प्रत्यय बरोबर वाट दाखवितो. स्वप्नही त्याच 'कोन'ने पडते. येथे मराठी वाट दाखवीत नाही. वहीत सुटा शब्द न लिहिता अख्खे वाक्य लिहावे, तेही स्वतःविषयीचे: माझी भूक, माझे वय, माझी घाई. मग तेच वाक्य तू आणि तो ह्यांच्यासाठी फिरवावे: तेंगो, तिएनेस, तिएने. पहिल्या दोन-तीन महिन्यांत 'तेनेर', 'आसेर', 'एस्तार' आणि 'दार' म्हणजे देणे, ही चार क्रियापदे एवढ्या रीतीने हाती आली तरी पुष्कळ झाले.

गमतीचे वाक्प्रचार त्यानंतर. ते प्रांताप्रांतांत बदलतात. बस पकडण्यास स्पेनमध्ये सर्रास वापरले जाणारे 'कोखेर' मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात अश्लील ठरते. तेथे 'तोमार' म्हणावे. पण एक वाक्प्रचार मराठी माणसाने लवकर शिकण्यास हरकत नाही: 'दार कालाबासास', भोपळे देणे. मागणी घालणाऱ्यास नकार दिला की त्याला भोपळे दिले. परीक्षेत नापास केले, तरीही भोपळेच. आपल्याकडे एक पुरतो, तिकडे अनेक देतात.