जुन्नरला ऊन, नाणेघाटात ढग : पावसाळी ट्रेक नेमका कुठे फसतो?

आजचा एपिसोड खास त्यांच्यासाठी, ज्यांची बॅग शनिवारसाठी आधीच भरून तयार आहे. पावसाळा सुरू झाला की मला एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातो. "ताई, ॲपवर जुन्नरला नुसता ढगाचा आयकॉन दिसतोय. जीवधनला जाऊ ना?" याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. कारण तुम्ही बघताय जुन्नरचं हवामान आणि जाताय घाटमाथ्यावर. या दोन जागांमध्ये गाडीने तासाभराचं अंतर आहे, पण पावसाच्या हिशोबात हे दोन वेगळे प्रदेश आहेत.

एकच तालुका, दोन पावसाळे

अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा कोकण ओलांडतो आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो. पुढे जायला वाट नाही म्हणून तो वर चढतो. हवा वर गेली की थंड होते, आणि थंड हवेत बाष्प मावत नाही. मग ढग बनतात आणि तिथेच रिकामे होतात. नाणेघाट, दुर्ग, ढाकोबा, आहुपे, भीमाशंकर ही सगळी ठिकाणं बरोबर या भिंतीच्या माथ्यावर आहेत. भिंत ओलांडून जुन्नर, मंचर, नारायणगावला पोचेपर्यंत वाऱ्यातला ओलावा बराचसा संपलेला असतो. म्हणून जुन्नरच्या स्टँडवर ऊन पडलेलं असताना घाटघरला समोरचा माणूस दिसत नाही, असं सर्रास घडतं.

यातून पहिला धडा. हवामान खात्याचा इशारा वाचताना "पुणे जिल्हा" एवढ्यावर थांबू नका. "घाट भागात" असं पुढे काय लिहिलंय ते शोधा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की खातं त्याला मुसळधार म्हणतं, ११५.६ च्या वर अति मुसळधार. आकडा किरकोळ वाटतो? एक चौरस किलोमीटर डोंगरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते होतं १० कोटी लिटर पाणी. दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर! ते सगळं पाणी ज्या ओढ्यातून खाली येणार आहे, तो ओढा तुम्ही सकाळी बूट हातात घेऊन हसत हसत ओलांडलेला असतो.

धुकं म्हणजे जमिनीवर बसलेला ढग

वर आपण ज्याला धुकं म्हणतो, तो बहुतेक वेळा ढगच असतो. तुम्ही त्याच्या पोटात शिरलेले असता. सकाळचं दव-धुकं उन्हाने विरतं, पण हा ढग वारा आणत राहील तोवर येतच राहतो. "थोडं थांबू, मोकळं होईल" हा हिशोब इथे दरवेळी चालत नाही.

आता हरिश्चंद्रगडाचं उदाहरण घ्या. गड अकोले तालुक्यात, पण खिरेश्वरची वाट आपल्या जुन्नर तालुक्यातून निघते. तोलार खिंडीत व्याघ्रशिल्प आहे, तिथपर्यंत वाट चुकणं अवघड. पुढे कातळावरचे रेलिंग संपले की मात्र एकामागून एक टेकाडं, आणि त्यांच्यावर गुरांच्या वाटांचं जाळं. ढगात प्रत्येक टेकाड सारखंच दिसतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून गेलेला सहा जणांचा गट याच गडाच्या परिसरात पाऊस आणि धुक्यामुळे वाट चुकला. रात्र रानात काढावी लागली. त्यांच्यातला एक तरुण थंडीने गेला. दरीत पडून नाही, थंडीने. हे नीट ऐका, कारण आपल्याकडे थंडीने माणूस दगावतो हे पटकन कुणाला खरं वाटत नाही.

वाट चुकली की बहुतेक लोक एक गोष्ट करतात. ओढा दिसला की त्याच्या कडेने खाली उतरायला लागतात, कारण पाणी शेवटी गावाकडेच जाणार. सह्याद्रीत हा हिशोब जिवावर बेततो. पश्चिमेकडे वाहणारं पाणी थेट कड्यावरून कोकणात उडी घेतं. पूर्वेकडचं पाणीसुद्धा मधे मधे धबधबे करत जातं. म्हणून खात्रीची शेवटची जागा आठवत असेल तर तिथवर मागे फिरा. आठवत नसेल तर थांबा. कड्यापासून आणि ओढ्यापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला, सगळे एकत्र.

बर्फ नाही, तरी गारठून मृत्यू?

शरीराच्या आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ३५ च्या खाली गेलं की धोका सुरू होतो. त्यासाठी हिमालयच लागतो असं नाही. अंगावर भिजलेले कपडे, माथ्यावरचा भणाणता वारा, पोटात सकाळचे पोहे आणि सहा तासांची दमणूक, एवढं पुरतं. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने शरीराची ऊब ओढून नेतं. जीन्स आणि सुती टीशर्ट पाणी धरून ठेवतात, म्हणजे दिवसभर ओली चादर गुंडाळून चालल्यासारखंच.

मित्राला काय होतंय हे ओळखायचं कसं? आधी कुडकुडणं. मग बोटांना बॅगेची चेन ओढता येत नाही. बोलताना जीभ जड होते. माणूस अडखळतो, उगाच चिडतो, नाहीतर एकदम गप्प होतो, "मला इथेच बसू दे" म्हणतो. आणि कुडकुडणं थांबलं, पण माणूस सुस्तच आहे, तर तो बरा झालेला नाही. त्याची तब्येत जास्त बिघडलीये.

अशा वेळी ओले कपडे काढा, कोरडे घाला. जमिनीवर बसवू नका, खाली सॅक किंवा दोर पसरा. डोक्यासकट प्लास्टिकमध्ये गुंडाळा, दोघांनी दोन बाजूंनी चिकटून बसा. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड, कोमट काहीतरी द्या. हातपाय जोरजोरात चोळू नका. दारू तर अजिबात नाही, तिने आतली ऊब आणखी बाहेर जाते. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवला, तर हे सगळं शक्य होतं. वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो.

ओढा आणि वीज

तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर पडलेला पाऊस खाली येतोच. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जड झाला, की लगेच काठ सोडून वर सरका. गुडघ्याएवढं वेगाचं पाणीसुद्धा माणसाला पाडतं. पण डोंगरातले छोटे ओढे जसे झटकन चढतात तसे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतातही. सोमवारी ऑफिसला उशीर झालेला परवडतो.

विजेचा धोका भर पावसाळ्यापेक्षा एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात जास्त, बहुधा दुपारनंतर. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. तेवढे किलोमीटर ती लांब आहे. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात. माथा, एकटं झाड, लोखंडी रेलिंग सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या, पण वर नेटवर्क नसेल तर तेही गप्प बसतं. तेव्हा निघण्याआधी बघा.

फोनचं काय?

जीपीएसला नेटवर्क लागत नाही. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवला तर विमान मोडवरही तुमची जागा दिसते, आणि नेटवर्क शोधण्यात बॅटरी जळत नाही. मात्र ओल्या स्क्रीनवर ओलं बोट नीट चालत नाही, हे पावसातच कळतं. कोरडा रुमाल आणि पारदर्शक पिशवी हवीच. आणि कुणीतरी डिसेंबरमध्ये रेकॉर्ड केलेला ट्रॅक ऑगस्टमधला ओढा दाखवत नाही. मदतीसाठी ११२ आहे. डोंगरातल्या शोध-बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांची हेल्पलाइन घरूनच सेव्ह करून निघा.

मागे कधी फिरायचं?

जीवधनच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंग लावून उडवल्या. तिथला तुटका कातळ चढताना जमतो, उतरताना पाऊस आला तर तोच परका होतो. म्हणून निर्णय पायथ्यालाच घ्या, आणि घड्याळाशी बांधा. "दुपारी १२ ला जिथे असू तिथून परत." वर गेल्यावर निर्णय घ्यायचा म्हटलं की पैसे भरलेत, रील बाकी आहे, दहा जणांत मीच कसं म्हणू, हे सगळं मधे येतं. आमच्या गटात नियम साधा आहे. एकाने "फिरूया" म्हटलं की सगळे फिरतात, कारण विचारायचं ते खाली चहा पिताना.

आणि शेवटची गोष्ट. आंबेगाव तालुक्यातलं माळीण आठवा. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगर खाली आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. आपल्यासाठी जो वीकेंडचा पाऊस, त्यात ही गावं चार महिने राहतात. तुम्ही रात्री हरवलात की शोधायला पहिले निघतात ते याच वाड्यांमधले लोक, दिवसभर खाचरात भातलावणी करून आलेले. त्यांना सकाळी विचारा, "मामा, आज वर जायचं का?" ते "नका जाऊ" म्हणाले, तर त्यांच्याच घरी पिठलं-भाकरी खा आणि परत या. पैसे देऊन या. डोंगर पुढच्या शनिवारी तिथेच असतो.

चला, हा एपिसोड तुमच्या ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, निघायच्या आदल्या रात्री. भेटूया पुढच्या भागात!