फरशी धुण्याच्या यंत्राची निगा आणि ‘पाणी’ हा शब्द

रेल्वे स्थानके, रुग्णालये, मोठी सभागृहे अशा ठिकाणी फरशी धुण्याची बॅटरीवर चालणारी यंत्रे आता वापरात आहेत. त्यांची नित्याची निगा सफाई कर्मचारी राखतात व तीविषयीच्या सूचना त्यांना मराठीतून द्याव्या लागतात. या सूचना लिहिताना ‘पाणी’ या साध्या शब्दापाशी अडचण कशी उद्भवते, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

शिसे-आम्ल बॅटरीच्या यंत्रात पाण्याची स्थाने तीन असतात. पहिल्या टाकीत नळाचे पाणी व साबणद्रव घालतात. ते ब्रशांवर उतरते. ब्रश फरशी घासतात. मागील रबरी पट्टी मळके पाणी गोळा करते व हवेच्या ओढीने ते दुसऱ्या टाकीत जाते. तिसरे स्थान बॅटरीच्या आत. तेथे पाणी विरल गंधकाम्लाच्या रूपात असते.

पहिल्या दोन स्थानांची निगा सोपी आहे. काम संपताच दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात. मळकी टाकी विसळून झाकण उघडे ठेवावे, म्हणजे दुर्गंधी धरत नाही. ब्रश काढून धुवावेत, त्यांत गुंतलेले दोरे सोडवावेत. रबरी पट्टी पुसावी; तिची कड झिजल्यास फरशीवर पाणी मागे राहते व माणसे घसरतात.

खरी मेख आहे ती तिसऱ्या स्थानी. बॅटरी उतरलेल्या स्थितीत पडून राहिली, तर शिशाच्या प्लेटांवर गंधकाचा कठीण क्षार साचतो. म्हणून कामानंतर ती चार्जिंगला लावणे अगत्याचे असते. चार्जिंगच्या उत्तरार्धात पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायू बाहेर पडतात. हवेत हायड्रोजन सुमारे ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो; यास्तव जागा हवेशीर असावी. या क्रियेत घटते ते पाणी, आम्ल नव्हे. म्हणून भर घालावी ती केवळ ऊर्ध्वपातित पाण्याची. नळाच्या पाण्यातील क्षार बॅटरीस बाधतात. चार्जिंगमध्ये द्रवाची पातळी चढते. आधीच काठोकाठ भरल्यास आम्लद्रव उतू जातो. अतएव पाणी चार्जिंगनंतर घालावे. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेव्हाच आधी, आणि त्याही त्या बुडतील इतपतच, घालावे. हे करताना हातमोजे व चष्मा हवा.

आता भाषेकडे वळू. ‘पाणी घाला व चार्जिंग करा’ या सूचनेत तीन गोष्टी अनुक्त राहतात: कोणते पाणी, कोठे व केव्हा. उभयान्वयी ‘व’ क्रम बांधून देत नाही. वाचक मात्र लिहिलेला क्रमच कृतीचा क्रम मानतो. ‘पाणी घालून चार्जिंगला लावा’ यातील ऊनान्त रूप क्रम निश्चित करते, परंतु नेमका उलटा. ‘बॅटरीचे पाणी’ या प्रयोगानेही भागत नाही, कारण त्यातून आतील आम्लद्रव समजला जाऊ शकतो. ‘ऊर्ध्वपातित जल’ ही संज्ञा शास्त्रशुद्ध खरी. पण डब्यावर व दुकानात आढळतो तो ‘डिस्टिल्ड वॉटर’ हाच शब्द, आणि सूचनेत तोच योजणे श्रेयस्कर.

तेव्हा सूचना अशी असावी: ‘चार्जिंग पूर्ण झाल्यावर बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे पाणी फक्त पुढील टाकीत घालावे.’ येथे ‘झाल्यावर’ काळ ठरविते, ‘फक्त’ अपवाद तोडते आणि सप्तमीचा ‘त’ स्थान सांगतो. परिभाषेच्या चर्चेत आपण नामांचाच विचार अधिक करतो. सुरक्षिततेच्या सूचनांत कृदन्तांचा विचारही तितकाच आवश्यक आहे.