दाढी, मास्क आणि मधली फट

फेब्रुवारी 2020 मध्ये, करोनाच्या बातम्या नुकत्या वाढू लागल्या होत्या तेव्हा, एक चित्र मोबाइलवरून जगभर फिरलं. दाढी-मिशांचे तीसेक नमुने आणि प्रत्येकासोबत चालेल की नाही याची खूण. जोडीला मजकूर असा, की अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, करोनापासून वाचण्यासाठी दाढ्या काढायला सांगितल्या आहेत. चित्र खरं होतं, पण ते 2017 सालचं. धूळ, विषारी कण किंवा रोगजंतूंच्या सान्निध्यात काम करताना ज्यांना चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर घालावाच लागतो, त्या कामगारांसाठी ते काढलेलं होतं. सगळ्यांनी दाढ्या उतरवाव्यात असा आदेश सीडीसीनं कधीच दिला नाही. तरीही त्या अफवेनंतर दोन टोकांची मतं रुजली, ती आजही ऐकू येतात: दाढी असेल तर मास्क फुकट, किंवा मग दाढीनं काही फरक पडत नाही. दोन्ही चूक आहेत.

मास्कची कड चेहऱ्यावर जिथे टेकते, तिथे कातडी आहे की केस, एवढंच खरं तर पाहायचं असतं. एन-95 हा घट्ट बसणारा मास्क 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे किमान 95 टक्के कण अडवतो, पण हा आकडा मास्कच्या कापडातून जाणाऱ्या हवेचा. हवा नेहमी सोपी वाट शोधते. कडेखाली दाढी आली की केसांमधून फटी राहतात आणि श्वासाबरोबर हवा तिथूनच आत येते, न गाळलेली. दाढी नसलेल्या चेहऱ्याच्या तुलनेत ही गळती वीसपट ते हजारपट वाढू शकते, असं अमेरिकेची नायॉश ही कामगार-सुरक्षा संशोधन संस्था सांगते.

‘दाट दाढी स्वतःच गाळणीचं काम करते’ हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. ते शक्य नाही. दाढीचा एक केस शंभरेक मायक्रॉन जाड असतो आणि दोन केसांमधली जागा त्याहून मोठी. मास्कच्या गाभ्यातले तंतू अवघ्या काही मायक्रॉनचे, एकमेकांत गुंतलेले आणि विद्युतभारित असतात. बारीक कण त्या भारामुळे ओढले जाऊन चिकटतात. केसांच्या जंगलातून हे कण सहज निघून जातात.

‘मग दोन दिवसांची दाढी चालेल ना?’ नाही. उलट खुंटांवर मास्कची कड अधांतरी टेकते. श्रावण पाळणाऱ्या घरांत महिनाभर दाढी होत नाही, सुतकातही होत नाही. एरवी यात काहीच अडचण नाही. पण क्षयरोगाच्या वॉर्डात काम करणाऱ्या वॉर्डबॉयला किंवा दगड कापणाऱ्या कामगाराला हेच दिवस सर्वांत उघडे जातात, आणि मास्क नाकावर असल्यानं त्याला आपण सुरक्षित आहोत असंच वाटत राहतं. मिशांचं तसं नाही. त्या मास्कच्या कडेच्या आत राहत असतील आणि मास्कला व्हॉल्व्ह असल्यास त्यात अडकत नसतील, तर खुशाल ठेवाव्यात. कल्ले कडेच्या वर संपायला हवेत. हनुवटीवरच्या दाढीबाबत जपून, कारण एन-95ची कड हनुवटीच्या खाली जाते.

हे सगळं डोळ्यांनी ठरवता येत नाही, म्हणून फिट टेस्ट असते. ती एकदा पाहिली की वाद संपतो. माणसाच्या डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवतात आणि त्याच्या छिद्रातून अतिशय कडू द्रावणाचा फवारा मारतात. आधी मास्कविना, म्हणजे त्याला ती चव कळते याची खात्री होते. मग मास्क लावून पुन्हा. शांत श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, वर-खाली, मोठ्यानं बोलणं, कमरेत वाकणं. या सगळ्यात जिभेवर कडवटपणा आला नाही तर मास्क बसला. दाढीवाल्याला बहुधा मान वळवता वळवताच तोंड वाकडं करावं लागतं. घरी एवढं साधत नाही, पण दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात उच्छ्वास सोडा. गालाला वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर फट आहे.

‘दाढी काढायची नसेल तर इलाज नाही’ हाही गैरसमजच. शीख डॉक्टरांपुढे हा पेच करोनाकाळात फार टोकाचा झाला. त्यातून इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डमध्ये ‘सिंग ठाठा’ पद्धतीचा अभ्यास झाला. ठाठा म्हणजे दाढी बसवण्यासाठी बांधायची पट्टी. इथे ती कापडाऐवजी रबराच्या ताणल्या जाणाऱ्या पातळ शीटची असते. हनुवटीखालून घेऊन सगळी दाढी झाकत डोक्यावर गाठ मारायची आणि त्यावर मास्क लावायचा. पूर्ण दाढी असलेल्या 27 जणांपैकी 25 जण चवीच्या चाचणीत उत्तीर्ण झाले. मात्र रुमाल बांधून हे होत नाही, आणि रबर बांधल्यावरही फिट टेस्ट हवीच. दुसरा मार्ग पंख्यानं गाळलेली हवा पुरवणाऱ्या सैल टोपड्याचा. ते महाग असतं, पण त्याला चेहऱ्याला चिकटण्याची गरजच नसते. धर्मानं किंवा श्रद्धेनं दाढी राखणाऱ्या कर्मचाऱ्याला रुग्णालयानं आणि कारखान्यानं ही सोय द्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाजारात, बसमध्ये किंवा आजारी माणसाजवळ आपण वापरतो तो सर्जिकल मास्क मुळात सैलच असतो. त्याचं मुख्य काम आपल्या तोंडातून उडणारे थेंब अडवण्याचं, आणि ते दाढीवाल्याच्या तोंडावरही बऱ्यापैकी होतं. दाढी मास्कखाली मावेल इतकी आखूड ठेवली, तर आणखी चांगलं.

दाढीत कुत्र्याच्या अंगापेक्षा जास्त जंतू असतात, ही बातमीही खूप चालली. मूळ स्विस अभ्यास 18 पुरुष आणि 30 कुत्र्यांचा होता. माणसांसाठीच्या एमआरआय यंत्रात कुत्र्यांची तपासणी करावी का, हे संशोधकांना पाहायचं होतं. दाढी नसलेले पुरुष त्यात नव्हतेच, त्यामुळे दाढीला दोषी धरता येत नाही. अमेरिकेत 408 रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या तपासणीत तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू गुळगुळीत गालांवरच जास्त सापडला. दाढी करताना कातडीला पडणाऱ्या सूक्ष्म ओरखड्यांत जंतूंना आसरा मिळत असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

त्वचेचा त्रास मात्र खरा. मास्कखाली घाम आणि वाफ कोंडते, कड घासते, आणि मग पुळ्या, केसतोड, कोंडा. यावर बहुतेक जण दाढीला तेल चोपडतात, तेही मास्क लावायच्या आधी. कोंड्यामागची मॅलसेझिया बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवरच पोसते. शिवाय एन-95 मधला ‘एन’ म्हणजे तो तेलाला टिकत नाही. तेल लावायचंच तर रात्री, थोडं. मास्कआधी सौम्य फेसवॉशनं दाढी मुळापर्यंत धुवावी आणि पूर्ण कोरडी करावी. ओल्या दाढीवर मास्क लावू नये. कोंडा हटत नसेल, तर डॉक्टरांना विचारून केटोकोनाझोलचा शाम्पू दाढीलाही लावता येतो.

एन-95 लागणारं काम नसेल, तर रोज दाढी करणाऱ्यांनी ती आदल्या रात्री करावी, म्हणजे कातडीला सावरायला वेळ मिळतो. सलूनमध्ये उलटी दाढी करून घ्यायची हौस सोडावी. कुरळ्या केसांची टोकं मग कातडीत वळतात आणि फोड येतात. अशांना वस्तऱ्यापेक्षा ट्रिमर बरा, पण एन-95 लागणाऱ्या कामात ट्रिमरनं राहिलेले खुंट चालत नाहीत, हे लक्षात ठेवावं. वारंवार दाढी केल्यानं केस दाट होतात ही भीती तर कधीच सोडायला हवी. मिल्ड्रेड ट्रॉटर या शास्त्रज्ञेनं 1928 मध्येच ती मोजून खोडली होती.

आणि एक कळकळीचं सांगणं. दाढीत गोल, खाजरा, खवल्यांचा चट्टा दिसला, तर तो नायटा असू शकतो. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब लावली की खाज थांबते, चट्टा फिका होतो आणि बुरशी आत पसरत राहते. ती ट्यूब घेऊ नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.