कारेरीच्या मागोमाग वसईत

लहानपणी भीमाशंकराला गेलो तेव्हा देवळापुढच्या घंटेपाशीच मी अडून बसलो होतो. आमच्या शेणव्याच्या देवळातल्या घंटेसारखी ती नव्हती, तिचा घाटच निराळा. ‘ही वसईची, फिरंग्यांची,’ एवढंच वडिलांनी सांगितलं. पुढे नाशकात नारोशंकराची घंटा पाहिली. तिच्यावर 1721 साल कोरलेलं आहे. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर त्या शहराच्या घंटा अशा घाटावरच्या देवळांत आल्या. तो इतिहास आपल्याला पाठ आहे. मला ओढ लागली ती त्या घंटा जिथे वाजत होत्या, त्या शहराची.

ते शहर मला सापडलं जोव्हान्नी फ्रांचेस्को जेमेल्ली कारेरीच्या प्रवासवर्णनात. हा नेपल्सचा कायद्याचा डॉक्टर 1693 मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला. ना राजाचा वकील, ना पाद्री, ना व्यापारी कंपनीचा माणूस. 1695 च्या सुरुवातीला तो दमणहून वसईला आला. पुढे कान्हेरीची लेणी पाहिली, गलगल्याच्या छावणीत औरंगजेबाची भेटही घेतली. सुरेंद्रनाथ सेनांनी 1949 मध्ये संपादित केलेली त्याच्या हिंदुस्थानातल्या प्रवासाची प्रत पिशवीत टाकून मी पहिल्या एसटीने शहापूर, मग आसनगाव, दिवा आणि तिथून मेमूने वसई रोड गाठलं. एकटाच गेलो. कारेरीच्या गतीने चालायचं तर सोबत नको होती.

कारेरी लिहितो, रस्ते रुंद आणि सरळ, मोठा चौक, भोवती चांगल्या इमारती. आज किल्ल्यातल्या झाडोऱ्यातून चालताना तो सरळपणा पायांना कळतो. मोठ्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर 1601 चा पोर्तुगीज लेख आहे. खालच्या दगडावर हात फिरवला. काळा, घट्ट, टाकीचे घाव अजून बोटांना लागतात. आमच्या जात्याचा दगड अस्साच. गोव्याच्या बॉम जेझूच्या दर्शनी भागासाठी वसईचा हाच दगड नेला होता.

पण कारेरीची खरी नोंद पुढे आहे. शहराचा उत्तरेकडचा जवळजवळ तिसरा हिस्सा ओस पडला होता. लढाईने नव्हे, साथीने. आणि त्या शहरात, जिथे फिदाल्गोंची, म्हणजे पोर्तुगीज सरदारांची, घराणी, मठ, जमिनी नि त्यांचे दावे होते, तिथे कायदा शिकलेला माणूस नव्हता! म्हणून या वाटसरूलाच गळ घातली : इथेच राहा, चांगल्या घरातली मुलगी देतो, वर भरघोस हुंडा, मठांची आणि बड्या घरांची वकिली कायमची. त्याने नकार दिला. युरोप कायमचा सोडायची त्याची तयारी नव्हती.

हा प्रसंग मी चौकाच्या कडेला बसून तीनदा वाचला. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची ही राजधानी. तिथला जनरल गोव्यानंतरचा मोठा अधिकारी. आणि अशा शहराने दोन दिवसांच्या पाहुण्याला जावई करून घेण्यासाठी धडपडावं? मराठ्यांनी वसई घेण्याआधी चव्वेचाळीस वर्षं हे शहर आतून रिकामं होत चाललं होतं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. तटाखाली सुरुंगात जे मराठे मेले, त्यांचं मोल याने तसूभरही कमी होत नाही. तट मजबूतच होता. माणसं उणी होती.

डॉ. जोसेफ गर्सन द कुन्हांनी 1876 मध्ये वसईच्या या अवशेषांवर पुस्तक लिहिलं. त्यांनी शिलालेख उतरवून घेतले, म्हणून झिजलेली अक्षरंही आज वाचता येतात. आपण मात्र अजूनही ‘वसईचा किल्ला’ म्हणतो, तटावर फोटो काढतो आणि परततो.

शहापूर-मुरबाडच्या वाचकांना माझं सांगणं आहे : एकदा या जागेत शहर म्हणून दिवस काढा. तटावर शेवटी चढा. आधी रस्ते चाला, चौक शोधा, उत्तरेकडच्या मोकळ्या जागेत थोडा वेळ उभे राहा. पाणी आणि भाकरी बरोबर न्या. दिव्याकडे परतणाऱ्या गाड्या मोजक्या असतात, वेळ सकाळीच पाहून ठेवा.