नळाची नाडी

नरक चतुर्दशीची पहाट. पणत्या लागल्या आहेत, उटणे कालवून ठेवले आहे, मुले डोळे चोळीत पाटावर बसली आहेत. आणि घरातील कर्ती बाई मात्र न्हाणीघराच्या दाराशी कान लावून उभी आहे. कसला कानोसा घेते आहे ती? नळाचा! आधी ‘सूं सूं’ असा वारा सुटतो, मग दोन गचके, मग एक गढूळ पिचकारी आणि त्यानंतर पाणी. नुसत्या आवाजावरून आज पाण्याला जोर किती, हे ती बिनचूक सांगते. नळाची नाडी ओळखणारे असे धन्वंतरी आपल्याकडे घरोघर आहेत!

पण तोटीच्या पलीकडे, रस्त्याखाली पसरलेल्या मैलोगणती नळांची नाडी कोणी पाहायची? ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण मुलांना शिकवतो. तिची उलटी बाजू मात्र हिशेबात घेत नाही. सेकंदाला एक थेंब टाकणारी तोटी दिवसाकाठी सुमारे ४ लिटर पाणी दवडते. ती दिसते, म्हणून आपण वायसर बदलतो. परंतु रस्त्याखालच्या नळाला पाव इंचाचे भोक पडले आणि आत ३० मीटर उंचीइतका दाब असला, तर त्यातून दिवसाला ४० हजार लिटरांच्या आसपास पाणी जाते. माणशी १३५ लिटर या सरकारी मापाने ही जवळजवळ ३०० माणसांची गरज झाली. मोठा नळ फुटला की रस्त्यात कारंजे उडते आणि तासाभरात माणसे धावून येतात. हे लहान भोक मात्र जमिनीत किंवा गटारात गुपचूप पाणी सोडीत महिनेन् महिने तसेच राहते. खरा चोर तोच.

त्याला पकडण्याची जुनी रीत अगदी साधी. रात्री रहदारी थांबली की जाणता कामगार लोखंडी कांब व्हॉल्व्हवर टेकवून दुसरे टोक कानाला लावतो. गळणाऱ्या पाण्याचा सुस्कारा धातूतून ऐकू येतो. पण एक माणूस एका रात्रीत किती रस्ते ऐकणार?

यावरचा दुसरा उपाय सुचण्यास सव्वाशे वर्षे होऊन गेली. १८९७-९८ साली मॉस्कोच्या जलकेंद्रावर निकोलाय झुकॉव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने नळांतील पाण्याच्या धक्क्यांचे प्रयोग केले. विमानविद्येत पुढे मोठे नाव मिळवणारा हाच तो गृहस्थ. त्याला असे आढळले, की नळातील दाबाचा धक्का लाटेसारखा धावतो, आणि त्या लाटेवरून फुटलेली जागाही ताडता येते. बिडाच्या नळात ही लाट सेकंदाला हजार-बाराशे मीटर जाते. नळ फुटला रे फुटला, की दाब एकदम उतरतो आणि त्या उताराची वार्ता दोन्ही दिशांना धावत सुटते.

आता गणित पाहा. नळावर १,२०० मीटर अंतराने दोन पहारेकरी बसवले. लाटेचा वेग सेकंदाला १,२०० मीटर. पहिल्याला धक्का दुसऱ्यापेक्षा अर्धा सेकंद आधी कळला, तर फूट पहिल्यापासून ३०० मीटरवर आहे. सातवीतला मुलगाही हे सोडवील! मात्र दोघांची घड्याळे अचूक जुळलेली हवीत. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची चूक झाली, तर खड्डा ६० मीटर दूर खणला जाईल.

असे पहारेकरी म्हणजेच आजचे बिनतारी सेन्सर. २००४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बॉस्टन शहरात अशी यंत्रे नळांवर बसवून पाहण्यात आली. ती मॅनहोलमध्ये बसून दाब मोजीत आणि जवळच्या खांबावरील पेटीला बिनतारी निरोप देत. पेटी तो मोबाइलच्या जाळ्यातून पुढे धाडी. पुढे २००८ पासून सिंगापूरने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. त्या चिमुकल्या देशाला त्याची निकड होती. त्याच्या पाण्याचा मोठा वाटा शेजारच्या मलेशियातून येतो, आणि १९६२ चा तो करार २०६१ साली संपणार आहे. दुसऱ्याच्या विहिरीवर तहान भागवणाऱ्याला थेंबाची किंमत लवकर कळते. तेथील संशोधकांनी आगीच्या बंबासाठी असलेले नळ मुद्दाम उघडून खोटी ‘फूट’ घडवली आणि यंत्रांची परीक्षा घेतली. जागा सांगण्यात सरासरी साडेसदतीस मीटरांची चूक निघाली. म्हणजे अख्खी पेठ धुंडाळण्याऐवजी एका गल्लीचा तुकडा तपासणे आले.

अडचणी नाहीत असे मात्र नाही. जमिनीखाली विजेची तार नाही, म्हणून सारी भिस्त बॅटरीवर. निरोप धाडण्यात ती फार खर्ची पडते. तेव्हा यंत्राला बोलावे थोडे नि ऐकावे फार, अशी शिस्त लावावी लागते. वरचे लोखंडी झाकण बिनतारी लहरी अडवते. शिवाय कोणी पंप बंद केला, व्हॉल्व्ह फिरवला, तरी दाब हलतो. प्रत्येक शिंक म्हणजे न्यूमोनिया नव्हे, हे यंत्रालाही शिकवावे लागते.

आणि आपल्याकडे? आपली अडचण याहून मूलभूत आहे. नाडी पाहायची तर ती सतत चालू हवी. आपल्या बहुतेक शहरांत ती दिवसातून काही तासच चालते! पाणी बंद झाले की नळ रिकामा होतो आणि आतला दाब नाहीसा होतो. मग ज्या भोकातून पाणी बाहेर जात होते, त्याच भोकातून आजूबाजूचा चिखल आणि गटाराचे पाणी आत ओढले जाते. पहाटेच्या त्या गढूळ पिचकारीचे एक कारण हे. गळतीने पाणी तर जातेच, पण घरात दुखणेही येते. बरे, जाते ते पाणी तरी कोठले? मुंबईचे तानसा आणि भातसा हे जलाशय ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आपल्या रस्त्याखाली मुरते ते त्यांच्या उशाचे पाणी.

अशा अर्धवेळ नळांवरही सेन्सर निरुपयोगी नाहीत. शेवटच्या चाळीपर्यंत पाणी कधी पोचले, किती जोराने पोचले, हे ते पक्षपात न करता सांगतील. आज हे ज्ञान बरेचसे चावीवाल्याच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की तेही त्याच्याबरोबर घरी जाते. मात्र यंत्र ‘येथे गळते आहे’ एवढेच म्हणेल. त्यापुढे कुदळ घेऊन जाणारा माणूस हवा, त्याला धाडणारी व्यवस्था हवी आणि रस्ता खणला म्हणून त्रागा न करणारे नागरिक हवेत. वैद्याने नाडी पाहिली, पण औषध कोणी आणलेच नाही, तर रोगी कसा बरा होणार?

तोवर न्हाणीघराच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या माउलीचा कान आहेच. तिला पहाटे तेथे ताटकळत उभे राहावे लागू नये, आणि तोटी फिरवताच ‘सूं सूं’ न होता स्वच्छ पाणी यावे, याहून मोठी दिवाळीची ओवाळणी कोणते शहर तिला देणार?